गाडी मिसिंग मारते आहे? सामान बदलण्याआधी दोष शोधा

पेट्रोल गाडीचं इंजिन मिसिंग मारायला लागलं की बहुतेक वेळा एकच क्रम चालतो. आधी सगळे प्लग बदलतात. फरक पडला नाही की कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग, आणि एवढं करूनही गाडी झटके मारत राहिली की कोणीतरी सांगतो, "भाऊ, ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेला." यातल्या प्रत्येक पायरीला पैसे लागतात आणि दोष मात्र जागच्या जागीच राहतो. हे टाळता येतं, आणि त्यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही. कोणता सिलिंडर काम करत नाही ते आधी शोधायचं, मग तो का काम करत नाही ते शोधायचं, आणि सामान सगळ्यात शेवटी आणायचं. पुढचं सगळं या एका क्रमावर उभं आहे.

लेख पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्याची तपासणी वेगळी असते. गाडी वॉरंटीत असेल तर खालचं वाचा, समजून घ्या, पण हात लावू नका. सर्व्हिस सेंटरला न्या. नेताना काय विचारायचं ते मात्र तुम्हाला माहीत असेल.

मिसिंग म्हणजे नेमकं काय होतं

चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत ८०० आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं. एका सिलिंडरमध्ये ते पेटलं नाही, किंवा अर्धवट पेटलं, की क्रँकशाफ्टला त्या पाळीला धक्का मिळत नाही आणि इंजिन क्षणभर अडखळतं. स्टिअरिंग आणि सीट ठरावीक ठेक्यात थरथरतात, सायलेन्सरचा आवाज तुटक येतो, पिकअप मरतो, कधी मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून पाहा. निरोगी इंजिनात तो एकसारखा फडफडतो. मिसिंग असेल तर मध्येच दचकतो, कधी आत ओढल्यासारखा होतो.

इथे एक खुलासा आधीच करतो, कारण नवीन गाडीवाल्यांचा यात फार गोंधळ होतो. तीन सिलिंडरची इंजिनं मुळातच थोडी थरथरतात. त्यात आपल्याकडे मे महिन्यात एसी पूर्ण जोरात चालतो आणि कॉम्प्रेसरचा भार आला की ही थरथर वाढते. इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तरी गाडी उभी असताना हादरते. पण रस्त्यावर पिकअप चांगला असेल, चेक इंजिनचा दिवा लागत नसेल आणि एसी बंद केल्यावर थरथर जवळजवळ जात असेल, तर ते बहुधा मिसिंग नाही. मग प्लगच्या मागे लागू नका, माउंटिंग बघा.

दिवा लुकलुकतो की स्थिर आहे?

डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन दिवा स्थिर लागला असेल तर हळू, अॅक्सिलरेटरवर जोर न देता घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आहे. आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. तीनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा कन्व्हर्टर जातो तो असा. समृद्धी महामार्गावर असाल तर "पुढच्या इंटरचेंजपर्यंत रेटू" हा विचार करू नका. तिथे दोन इंटरचेंजमधलं अंतर मोठं असतं आणि १२० च्या वेगाला इंजिनावर सतत भार असतो. डाव्या कडेला थांबा, हजार्ड लाइट लावा, टो गाडी बोलवा.

लागणारी हत्यारं

फार काही नाही. १० मिमीचा सॉकेट (बहुतेक गाड्यांत कॉइलचा बोल्ट याच मापाचा असतो), आत चुंबक किंवा रबर असलेला प्लग सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, फीलर गेज, साधा मल्टिमीटर आणि टॉर्च. प्लग सॉकेटचं माप गाडीप्रमाणे बदलतं. सध्याच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १६ किंवा १४ मिमीचा लागतो, जुन्यांना २१ चा. जमलं तर टॉर्क रेंच (ठरावीक ताकदीनेच आवळणारा पाना) घ्या. ही हत्यारं नागपुरात इतवारी-गांधीबागेच्या हार्डवेअर दुकानांत बघून, हातात धरून घेतलेली बरी.

आणि एक ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. ब्लूटूथवर चालणारा, ईएलएम ३२७ प्रकारचा छोटा अडॅप्टर हजार-दीड हजाराच्या आत मिळतो आणि फोनवरच्या अॅपला जोडता येतो. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो लागतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत हे चालतं. माझ्या मते नवशिक्याने पहिले पैसे यावरच खर्च करावेत, प्लगवर नाही.

पहिलं काम: कोड वाचा, पुसू नका

इग्निशन ऑन करा, स्कॅनर जोडा आणि जे कोड दिसतील त्यांचा फोटो काढून ठेवा. बॅटरीचा टर्मिनल काढून "रीसेट" करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. त्याने पुरावाच जातो.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं पुढे. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी स्थिर नाही, कधी इथे, कधी तिथे. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तूंमध्ये आहे: त्याचा प्लग, त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर, त्याचे व्हॉल्व्ह. सगळ्या सिलिंडरांत मिसिंग असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी शोधायचा: पेट्रोलचा दाब, फुटलेला व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या हवेच्या मार्गाला जोडलेली रबरी नळी), खराब पेट्रोल, कमी व्होल्टेज, ताणलेली टायमिंग चेन. चारही कॉइल एकाच दिवशी मरत नाहीत.

कंप्युटरला हे कळतं कसं? क्रँकशाफ्टवरचा सेन्सर प्रत्येक फेरीचा वेग मोजत असतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला वेग किंचित पडतो, त्याच्या नावावर मिसिंग जमा होतं. म्हणजे कोड फक्त "कोण" एवढं सांगतो, "का" ते सांगत नाही. पी ०३०३ आला म्हणून तिसरी कॉइल विकत आणणं ही घाई झाली.

सोबत दुसरे कोड असतील तर तेही बघा. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे, पी ०२०१ ते पी ०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. फ्रीझ फ्रेम नावाचा विभाग अॅपमध्ये असेल तर तो उघडा. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, भार किती, हे त्यात लिहिलेलं असतं.

सिलिंडरचा नंबर कुठून मोजायचा? आडव्या बसवलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर बहुधा बेल्टच्या बाजूला असतो, गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला. तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये खात्री करा, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं उलटं पडतं.

कधी होतं, ते लिहून ठेवा

हे काम फुकटचं आहे आणि बहुतेक जण तेच करत नाहीत. मिसिंग नेमकं कधी होतं याची चार ओळींची नोंद ठेवा. नागपूरच्या हवेत तर ही नोंद अर्धं निदान करून देते.

दुपारी तीनला बर्डीच्या गर्दीत गाडी मिसिंग मारते आणि सकाळी सातला एकदम लोण्यासारखी चालते? कॉइलवर संशय घ्या. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यांचं इन्सुलेशन उष्णतेने कमकुवत होतं. पारा ४५ च्या वर असताना बंद बॉनेटखाली काय तापमान होत असेल याचा विचार करा. थंड झाली की तीच कॉइल पुन्हा नीट वागते. म्हणून गॅरेजमध्ये सकाळी नेलेली गाडी "काहीच नाही हो, ठीक आहे" म्हणून परत मिळते. अशा गाडीची चाचणी दुपारीच घ्यायची.

पावसाळ्यातल्या दमट सकाळी मिसिंग आणि दहा मिनिटांत गायब? मग प्लगच्या रबरी टोपीला तडा असण्याची शक्यता जास्त. ओलाव्यातून ठिणगी प्लगकडे न जाता इंजिनच्या लोखंडाकडे पळते. वॉशिंग सेंटरवर इंजिन प्रेशरने धुऊन आणल्यावर लगेच सुरू झालं असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे. हे फार वेळा होतं.

फक्त उभ्या गाडीत होतं आणि आरपीएम वाढवले की जातं? व्हॅक्यूम पाइप बघा. चढावर, भार आला की होतं? प्लग आणि कॉइल बघा, कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर वस्तू तिथे हार मानते. ही चाचणी घ्यायला सेमिनरी हिल्सचा चढ उत्तम. इंजिन गरम असताना, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगातून हळूहळू अॅक्सिलरेटर वाढवत चढा. झटके कुठे बसतात ते लक्षात येईल. स्कॅनर पाहायला शेजारी दुसरा माणूस बसवा.

पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झालं असेल तर बिल जपून ठेवा. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल त्या पाण्याशी मिसळून तळाला वेगळं बसतं, आणि इंजिनला नेमकं तेच मिळतं. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. भर पावसात तो जरूर वापरा.

गाडीत सीएनजी किट असेल तर एक सोपी चाचणी तुमच्या हातात आहे. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक? सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. ते नवीन असतील तर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि त्याचे वेगळे इंजेक्टर तपासून घ्या. दोन्हीवर सारखंच मिसिंग असेल तर इंधनाचा संशय जवळजवळ संपला.

बॉनेट उघडा, पण आधी फक्त बघा

इंजिन बंद, चावी खिशात. टॉर्च घेऊन पाच मिनिटं फक्त नजर फिरवा. कडुलिंबाखाली किंवा मोकळ्या प्लॉटशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात, आणि कॉइल-इंजेक्टरच्या बारीक वायरी त्यांच्या तोंडाला पहिल्या येतात. चावलेली वायर, लेंड्या, आणून टाकलेला काडीकचरा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा.

कॉइलचे कनेक्टर नीट बसलेत का, लॉक तुटलंय का, ते बघा. उष्णतेने हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं. जाड रबरी नळ्या बोटाने दाबून, वाकवून पाहा. टोकाशी तडे असतात. एअर फिल्टर उघडा. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांची कामं सतत चालू असतात, धूळ कमी नाही, आणि मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर भरतो.

मल्टिमीटरने बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. उन्हाळा बॅटरीला फार छळतो, आणि व्होल्टेज पडलं की ठिणगीही मंदावते. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे का, तेही बघा.

कॉइल अदलाबदल: एक रुपया न लागता होणारी चाचणी

समजा कोड पी ०३०३ आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, इग्निशन बंद ठेवा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढा, पहिल्याची काढा, आणि दोघींची जागा बदला. बाकी कशालाही हात लावू नका. कोड नोंदवलेला आहेच, आता तो पुसा आणि गाडी तशाच परिस्थितीत चालवा ज्यात ती मिसिंग मारत होती. दुपारचा दोष असेल तर दुपारी.

आता पी ०३०१ आला, म्हणजे मिसिंग कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरला गेलं: कॉइल खराब. पी ०३०३ च परत आला: कॉइल ठीक. मग हाच प्रयोग तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे प्लग बदलून करा. तरीही पी ०३०३ तिथेच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) उरतं. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन वस्तू एकत्र हलवल्या तर गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

ज्या गाड्यांत एका कॉइलवर दोन सिलिंडर चालतात आणि प्लग वायरी असतात, तिथे वायरींची अदलाबदल करायची नाही, ठिणगीचा क्रम बिघडतो. तिथे रात्री अंधारात इंजिन चालू करून, हात लांब ठेवून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर वायर फुटली आहे. आणि चालू इंजिनवर प्लग वायर हाताने उपसून पाहायची जुनी पद्धत कोणी शिकवली तर ती सोडून द्या. तिथे हजारो व्होल्ट असतात. माणसाला झटका बसतो आणि ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइलही जाते.

प्लग काढणं आणि वाचणं

प्लग काढायचं काम थंड इंजिनवरच. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) अॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोलून निघू शकतात. उन्हाळ्यात आपल्याकडे इंजिन थंड व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून हे काम पहाटे करा, गाडी चालू करण्याआधी. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. तसं न करता प्लग काढला तर तिथली रेती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

प्लग काढत जाल तसे क्रमाने कागदावर ठेवा आणि त्यावर १, २, ३, ४ लिहा. प्रत्येक प्लग त्याच्या सिलिंडरची हकीकत सांगतो:

- टोक फिकट तपकिरी: ज्वलन बरोबर आहे.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, सेन्सर.
- पेट्रोलने ओला: पेट्रोल येतं आहे, ठिणगी पडत नाही. दोष इग्निशनचा.
- काळा आणि तेलकट: सिलिंडरमध्ये ऑइल जातं आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सील.
- पांढराफटक, कधी फोड आलेला: इंजिन जास्त तापतंय, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी.

पांढऱ्या चिनी मातीला तडा आहे का, ते वेगळं बघा. बारीक काळी उभी रेष दिसली तर ठिणगी बाहेरून धावत होती. अशी रेष प्लगवर असेल तर कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही बहुधा असते, आणि मग दोन्ही बदलावं लागतं. नुसता प्लग बदलला तर जुनी टोपी नव्या प्लगला आठवड्याभरात तसंच करते.

प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑइल सापडलं तर तिथे थांबा. मनीष नगरच्या आमच्या एका शेजारीकाकांच्या गाडीत हेच होतं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलून झाली होती, काही महिन्यांनी तीच पुन्हा गेली, आणि आता इंजेक्टर बदला असं त्यांना सांगितलं गेलं होतं. कॉइल उपसली तर तिची रबरी टोपी ऑइलमध्ये बुडून फुगलेली. वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट आणि प्लगच्या नळीची सील गळत होती, आणि ऑइल रबराला खात होतं. गॅस्केट, सील आणि टोपी बदलली, गाडी सुरळीत झाली. इंजेक्टरचा दोष कधी नव्हताच. एखादी वस्तू वारंवार जात असेल तर तिला मारणारं दुसरंच काहीतरी आहे, असं समजून शोधायचं.

नवा प्लग बसवताना

मॅन्युअलमध्ये लिहिलेला नंबरच घ्या. "याच्यापेक्षा भारी आहे" म्हणून दिलेला वेगळ्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या वेगळ्या क्षमतेचा) प्लग घेऊ नका. नामांकित प्लगचे नकली बाजारात पुष्कळ आहेत. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे बऱ्याच गाड्यांत ८० हजार ते लाखापर्यंत. सीएनजीवर हे आकडे कमी धरा.

फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, तपासा. पेट्रोल गाड्यांत तो बहुधा ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. गेज त्यावर दाबून टेकवू नका, मोडतं.

प्लग आधी हातानेच फिरवा. सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांत धरून, रॅचेट न लावता. पहिल्या फेरीलाच अडला तर काढून पुन्हा सरळ धरा. आटे वाकडे गेले तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते, म्हणून इथे घाई नको. पूर्ण टेकला की मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क द्या; तो बहुधा १५ ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला अगदी थोडासाच द्या. रबरी टोपीच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा. बेअरिंगचं ग्रीस चालत नाही.

ठिणगी ठीक आहे, मग?

हवेकडे वळा. उभ्या गाडीत "स्स्स" असा आवाज येतो का ते इंटेक मॅनिफोल्डच्या आसपास ऐका. साबणाचं पाणी नळ्यांच्या जोडांवर थोडं थोडं फवारा. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनचा सूर बदलला की गळती तिथेच. बरेच व्हिडिओ यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारायला सांगतात. गरम इंजिनवर तो पेट घेतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तर नकोच.

स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो. कंप्युटर ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी देतो आहे, ते तो सांगतो. शून्याच्या आसपास चांगला. उभ्या गाडीत अधिक १० च्या वर आणि २५०० आरपीएमवर जवळजवळ नॉर्मल असेल तर व्हॅक्यूम गळती. उलट आरपीएम आणि भार वाढवल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोलच कमी पडतं आहे: पंप किंवा फिल्टर. हा एक आकडा वाचता आला की निम्मी अंदाजपंचे दुरुस्ती वाचते.

इंजेक्टरसाठी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवा आणि मूठ कानाशी धरा. टिकटिक सगळ्यांची सारखी यायला हवी. एक मुका असेल तर इंजिन बंद करून त्याचा कनेक्टर काढा आणि ओहम मोजा. शेजारच्या इंजेक्टरशी तुलना करा. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये हे सहसा १२ ते १६ ओहम असतं. पेट्रोलची लाइन मात्र नवशिक्याने उघडू नये. बंद गाडीतही तिच्यात दाब असतो. टर्बो पेट्रोल गाड्यांतल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या लाइनला तर अजिबातच नाही, तिथला दाब कित्येक पटींनी जास्त असतो.

कॉम्प्रेशन, आणि कुठे थांबायचं

ठिणगी, हवा, पेट्रोल तिन्ही बरोबर असूनही एकच सिलिंडर मेलेला राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. हे गॅरेजचं काम आहे, पण समोर उभे राहा आणि चारही आकडे लिहून मागा. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतात. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांच्या वर गेला तर दोष आहे. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडच्या खालच्या जोडातली सील).

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी, कूलंट घटतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा: हेड गॅस्केट गेलं. उन्हाळ्यात गाडी एकदा जरी जोरात तापली असेल तर हा संशय धरा आणि गाडी चालवणं बंद करा. सीएनजीच्या जुन्या गाडीत टॅपेट टाइट झाल्याने, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट कमी झाल्याने, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि उभ्या गाडीत मिसिंग येतं. तिथे इंजिन उघडण्याआधी टॅपेट सेटिंग तपासायला सांगा.

आणि पाण्यात बुडालेली गाडी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत गाड्या रात्रीतून बुडाल्या. नरेंद्र नगरच्या पुलाखालीही दर पावसाळ्यात पाणी भरतं. पाणी एअर फिल्टरपर्यंत गेलं असेल तर एकदाही स्टार्टर मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग प्रश्न मिसिंगचा राहत नाही. गाडी टो करून न्या.

दुरुस्ती झाल्यावर

कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवा: तीच दुपार, तोच चढ, तीच गर्दी. घराभोवती एक चक्कर मारून समाधान मानू नका. संध्याकाळी स्कॅनर पुन्हा लावा आणि अॅपमध्ये प्रलंबित कोड बघा. दिवा लागण्याच्या आधीच दोष तिथे दिसतो. काढलेले प्लग आणि कॉइल लगेच फेकू नका, आठवडाभर डिकीत ठेवा. मिसिंग परत आलं तर तुलना करायला तेच कामी येतात. बदललेल्या वस्तूचा नंबर, तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहा.

मिसिंग गेलं पण काही दिवसांनी पी ०४२० आला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं गाडी सांगते आहे. मिसिंगच्या काळात तो भाजला असण्याची शक्यता आहे, पण तोही लगेच बदलू नका. आधी सायलेन्सरची गळती आणि कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या, पीयूसी काढताना कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या वेळच्या पावतीशी ताडून बघा, आणि मगच त्याच्या किमतीची चौकशी करा.